हे कुणी पाहिले?

मुलांसाठी इतिहास लिहिणे हे आपल्याकडे फावल्या वेळचे काम समजले जाते. थोरांसाठी लिहिता लिहिता उरलेली शाई मुलांच्या पदरात टाकावी, असा काहीसा भाव त्यामागे असतो. एखादा मोठा ग्रंथ घ्यावा, त्यातल्या तळटीपा खुडून टाकाव्यात, सनावळ्या निम्म्या कराव्यात, अवघड शब्द काढून सोपे घालावेत, अधूनमधून ‘मुलांनो’ अशी हाक मारावी आणि शेवटी तात्पर्याची गाठ बांधावी. झाले बालचरित्र तयार! दिवाळीच्या सुटीत पुस्तकांच्या दुकानात उभा राहून मी असली पुस्तके दरवर्षी चाळतो. कागद पूर्वीपेक्षा गुळगुळीत झाला आहे, चित्रे रंगीत झाली आहेत. रीत मात्र बहुधा तीच आहे.

मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळेत शिकवतो. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही, तेव्हा इतिहाससंशोधनावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव मी आणणार नाही. परंतु रोज मुलांसमोर उभा राहणारा माणूस म्हणून एक गोष्ट मला पटलेली आहे. मुलांचा इतिहास हा मोठ्यांच्या ताटातला उरलासुरला घास नव्हे. निदान मराठीत तरी गोष्ट नेमकी उलटी घडलेली आहे. आपला मोठ्यांचा इतिहास विद्यार्थ्याच्या बाकावरून आणि शिक्षकाच्या टिपणवहीतून वर आला आहे. हे विधान थोडे धाडसाचे वाटेल; म्हणून जरा मागे जाऊ.

मराठ्यांचा सलग इतिहास मराठीत छापला गेला तो एका परक्याच्या लेखणीतून. साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली इंग्रजीत आपला इतिहास प्रसिद्ध केला, आणि चार-पाच वर्षांच्या आत कॅप्टन केपन याने केलेले त्याचे भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने आपल्याकडे आले. डफने कष्ट पुष्कळ केले होते. कागद जमवले, माणसांना विचारले, तारखा लावल्या. त्याचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण तो इतिहास जिंकणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहिलेला होता, आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्याला कुणी भरकचेरीत जाब विचारला नाही. तो विचारला कुणी? दरबारी शास्त्र्याने नव्हे, निवृत्त मुत्सद्द्यानेही नव्हे. १८६७-६८ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या विद्यार्थ्याने डफच्या बखरीतील उणिवा दाखवणारा निबंध लिहिला. ज्या वयात मुले पाठ करतात आणि परीक्षा देतात, त्या वयात या मुलाने पाठ्य ग्रंथालाच प्रश्न केला. पुढे १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघाले, जुन्या बखरी छापखान्याचे तोंड पाहू लागल्या, १८९८ साली राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड आला, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या मोठ्या ओघाच्या उगमाशी जाऊन पाहिले तर एका विद्यार्थ्याची टीका दिसते.

विद्यार्थ्याची गोष्ट झाली, आता शिक्षकाची. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेले. राजपुत्रांना शिकवणे हे त्यांच्या कामांपैकी एक. आता शिकवायचे म्हणजे आधी आपल्याला नीट कळले पाहिजे. मुलांना इतिहास सांगण्यासाठी त्यांनी टिपणे काढली. टिपणे वाढत गेली. त्यांतून ‘मुसलमानी रियासत’ झाली, मग ‘मराठी रियासत’ झाली, आणि सरदेसाई हे आडनाव मागे पडून ‘रियासतकार’ हेच त्यांचे नाव झाले. मराठीतला एवढा थोरला इतिहास-प्रपंच, पण त्याचा पाया शिकवणीच्या वहीत आहे! मिरजेस हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे हेही मास्तरच. शाळा सुटल्यावर पटवर्धनांच्या दप्तरातले मोडी कागद वाचायचे आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड छापायचे, हा त्यांचा नेम. मास्तरकी आणि इतिहास यांचे आपल्याकडचे नाते असे घरोब्याचे आहे.

आता खास मुलांसाठी लिहिणाऱ्यांकडे वळतो. त्यांतले अग्रपूजेचे मानकरी विनायक कोंडदेव ओक. जन्म १८४० चा. आधी शिक्षक, पुढे सरकारी विद्याखात्यात तपासनीस. १८८१ साली त्यांनी ‘बालबोध’ नावाचे मासिक काढले आणि १९१४ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते एकहाती चालवले. दर महिन्याच्या अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय, आणि शिवाय किरकोळ मजकूर, असा त्यांचा ठरलेला शिधा असे. हिशेब करणाऱ्यांनी केला आहे: चारशे दोन चरित्रे, चारशे दोन कविता, चारशे दोन निबंध, चारशे दोन शास्त्रीय लेख! साडेतेहेतीस वर्षे, महिना न चुकता. आजारपण आले असेल, घरात सुखदुःखे झाली असतील, प्लेगाच्या साथी येऊन गेल्या, दुष्काळ पडले. पण कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या गावी टपालाची वाट पाहणाऱ्या मुलाला त्याचा मासिक माणूस भेटायचाच. मी ‘माणूस’ म्हणतो ते जाणून म्हणतो. दर महिन्याला एक नवा माणूस, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला, घरी येत होता. त्या काळच्या खेड्यातील मुलाचे जग ते केवढे? गाव, यात्रा, आजोळ, फार तर जिल्ह्याचे ठिकाण. त्या कुंपणाला ओकांनी चारशे दोन खिडक्या पाडल्या.

त्यांच्या लेखनात दोषही होते. उपदेशाची मात्रा जास्त, माणसे बहुतेक पुरुष, आणि थोर म्हटला की त्याचे दोष झाकायचे ही त्या काळची चाल. परंतु कुणीही घ्यावे असे एक त्यांच्यापाशी होते. मुलाला मी भेटणार आहे, तेव्हा वेळेवर भेटले पाहिजे आणि त्याला समजेल असे बोलले पाहिजे, ही निष्ठा. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि ती परंपरा पुढे चालवली. आपट्यांच्या हातात ओकांपेक्षा अधिक गंमत होती. मुलांना हसायचे असते हे त्यांनी ओळखले होते.

अशा पुस्तकांनी होते काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतोच. पोरे वाचतात, विसरतात. नोकरीच्या अर्जात त्याचा रकाना नसतो. याला माझे उत्तर एकाच पुस्तकाच्या गोष्टीने देतो.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक. दादा केळुसकर म्हणून लोक त्यांना ओळखत. शिवछत्रपतींचे मोठे चरित्र लिहिणारे ते हेच. १८९८ साली त्यांनी गौतम बुद्धाचे चरित्र मराठीत लिहिले. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत ते बसत. तिथे एक मुलगा रोज एकटा वाचत बसलेला त्यांना दिसे. ओळख झाली. मुलाचे वडील सुभेदार रामजी सकपाळ. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी छोटा समारंभ केला, आणि त्यात केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेल्या बुद्धचरित्राची प्रत भेट दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

पुढची गोष्ट बाबासाहेबांनीच सांगून ठेवली आहे. १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ते या भेटीचा उल्लेख करतात. पुस्तक वाचून आपण हेलावून गेलो, असे ते म्हणतात. वडील घरात मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धाचे चरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना सरळ विचारले की, हे ग्रंथ तुम्ही आम्हांला कशासाठी वाचायला लावता? वडिलांचे उत्तरही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्याला लोक अस्पृश्य म्हणतात. त्यामुळे तुमच्या मनात स्वतःविषयी हीनपणा घर करील. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही माणसे कुठून कुठे पोचली ते पाहा, असे त्या फौजी माणसाचे म्हणणे होते. मुलाचे त्याने पूर्ण समाधान झाले नाही. पण बापलेकांच्या या बोलण्यात चरित्रवाचनाचे सारे मर्म आलेले आहे. बाप म्हणत होता, चरित्रात तुझ्यासारखा कोण आहे ते शोध. मुलगा विचारत होता, हा ग्रंथ खरोखरी माझ्याशी काय बोलतो ते सांगा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा झाली. एका चरित्रामुळे ती झाली असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचा अभ्यास, अपमान आणि झुंज आहे. पण बागेतल्या मास्तराने दिलेले पुस्तक त्या वाटेच्या सुरुवातीला आहे, हे खुद्द त्या वाटसरूचेच सांगणे आहे.

यात इतिहासाच्या शिक्षकाला उपयोगी पडेल अशी एक बारीकशी गोष्ट आहे. हा समारंभ नेमका केव्हा झाला? धनंजय कीरांच्या चरित्राप्रमाणे मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा. बाबासाहेब स्वतः मात्र इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाल्याचा प्रसंग सांगतात. दोन्ही साक्षी वजनदार. मुलांसाठी लिहिणारा काय करतो? दोहोंतली एक निवडतो आणि दुसरी गिळून टाकतो, कारण मुलांचा गोंधळ होईल! मुलांचा गोंधळ होत नाही, हे मी शपथेवर सांगतो. घरात आजी एक सांगते आणि आजोबा दुसरेच सांगतात, हा मुलांचा रोजचा अनुभव असतो. उलट दोन्ही साक्षी समोर ठेवल्या की वर्ग सावरून बसतो आणि न्यायाधीश होतो.

याच ठिकाणी मी तानाजीकडे येतो, कारण मराठी मुलाचा इतिहास कुठेतरी तानाजीपाशीच सुरू होतो. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवण्याचा परिपाठ आपल्याकडे कैक वर्षांचा आहे, आणि त्यात सिंहगडाचा धडा आला की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होते. हल्लीच्या मुलांनी तानाजी आधीच पडद्यावर पाहिलेला असतो. तरी ती ऐकतात. कारण गोष्टच तशी आहे: लेकाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघालेला बाप, अंधारी रात्र, सरळसोट कडा, आणि दोर बांधलेली घोरपड.

काही वर्षांपूर्वी असाच धडा चालला होता. घोरपड कड्यावर चढली, नखे रोवून बसली, मावळे दोराने वर गेले, असे मी सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. शेतकऱ्याचे पोर, एरवी फारसे न बोलणारे. म्हणाला, “गुरुजी, आमच्या बांधावर घोरपड आहे. माणसाची चाहूल लागली की बिळात पळते. तिला दोर बांधताना कुणी पाहिलं?”

वर्ग हसला. मी हसलो नाही. हा प्रश्न कीर्तन्यांच्या जातकुळीचा होता. ‘हे कुणी पाहिले?’ या तीन शब्दांतूनच इतिहास नावाची विद्या जन्माला येते. मी त्याला म्हटले, “उद्या सांगतो,” आणि दुसऱ्या दिवशी घरचे सभासदाच्या बखरीचे पुस्तक घेऊन वर्गात गेलो.

कृष्णाजी अनंत सभासद हा शिवछत्रपतींच्या पदरचा माणूस. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, जिंजीस असताना, त्याने महाराजांचे चरित्र लिहिले. म्हणजे सिंहगडच्या लढाईनंतर पाव शतकाच्या आसपास. तो आठवणीवर विसंबून लिहितो, त्याच्याही चुका होतात. पण त्या काळचे वारे त्याने अंगावर घेतलेले आहे. त्याच्या सांगण्यात घोरपड नाही. रायबाचे लग्नही नाही. मग आहे काय? तानाजी पाचशे माणसे घेऊन गडाखाली गेला. त्यांतले दोन चांगले मर्द मावळे त्याने निवडले आणि रात्री कड्यावर चढवले. वानरे चढावीत तसे ते दोघे चढले. वर पोचून त्यांनी माळ लावली, आणि तिच्यावरून तानाजीसह तीनशे माणूस गडावर गेले. उदेभानाशी गाठ पडली. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही एकमेकांच्या वारांनी पडले. मग सूर्याजीने माणसे सावरली, गड घेतला, आणि पागेचे खण पेटवून दिले. त्या आगीचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि गड मिळाल्याचे ओळखले.

मग घोरपड आली कुठून? ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला आणि असे पोवाडे शिकलेल्यांच्या कपाटात जाऊन बसले. त्याआधी ते गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी होतेच. घोरपडे घराण्याच्या आडनावाविषयीही घोरपडीला दोर बांधून किल्ला घेतल्याची कथा सांगतात. म्हणजे ही कल्पना आपल्या मुलखात जुनी आणि लाडकी आहे. शाहिराने ती तानाजीला वाहिली. शाहिराचा तो हक्कच आहे.

मी मुलांना तिथीही सांगितली: माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. मग विचारले, वद्य नवमीला चंद्र केव्हा उगवतो? शेतावर राखणीला जाणाऱ्या घरची मुले. दोघातिघांनी लगेच सांगितले की, मध्यरात्र उलटल्यावर. मग त्या दोन मावळ्यांना कडा कसा दिसला असेल? वर्ग गप्प झाला. जरा वेळाने पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “दिसलाच नसेल. हातानं चाचपत गेले असतील.”

मला वाटते, तानाजीच्या गोष्टीतला खरा थरार त्या दिवशी माझ्या वर्गाला प्रथम जाणवला. घोरपड होती तोवर चढण्याचे सारे श्रेय घोरपडीचे होते. माणसे नुसती दोर धरून वर गेली होती. घोरपड बाजूला होताच ती दोन माणसे दिसू लागली. बखरीतल्या त्या प्रसंगात त्यांना नाव नाही. कुणाची मुले, कुठल्या गावची, गड घेतल्यावर जिवंत राहिली की नाही, हे काही तिथे कळत नाही. बोटांच्या पेरांवर अंगाचा भार तोलत ती अंधारात वर सरकली, एवढेच. खरे सांगितल्याने पराक्रम उणा होतो ही भीती किती फोल आहे! इथे तर खरे सांगितल्याने पराक्रम दुप्पट झाला.

तरी प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. चार दिवसांनी त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे आजोबा शाळेत आले. पटका बांधलेले, काठी टेकत आलेले. ओसरीवर बसले आणि म्हणाले, “गुरुजी, घोरपड नव्हती असं शिकवता म्हणं तुम्ही? आमच्या आज्यापासनं ऐकत आलोय आम्ही. शाहीर काय खोटं बोलतील?”

मी म्हटले, “बाबा, नव्हती असं मी म्हटलेलं नाही. पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही, एवढंच सांगितलं.”

“मग चढले कसे?”

“हातांनी.”

म्हातारबाबांनी आपल्या हातांकडे पाहिले. आयुष्यभर नांगर धरलेले, बोटे वाकडी झालेले हात. “रात्रीचं?” त्यांनी विचारले.

“रात्रीचं. चांदणं उगवायच्या आधी, नाहीतर उगवताना.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग काठी उचलीत म्हणाले, “मग तर लईच थोर म्हणायचं. पण पोवाडाबी म्हणत चला पोरांकडनं. त्याबिगर अंगावर काटा येत न्हाई.”

या सल्ल्यापुढे मला काही सुचवायचे नाही. पोवाडा पोवाडा म्हणून गावा, बखर बखर म्हणून वाचावी. दोन्हींची सरमिसळ करून तिला ‘इतिहास’ असे नाव देऊ नये, एवढीच अट.

या लढाईतले आणखी एक उदाहरण देतो. तानाजी सिंहासारखा लढला म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, हे प्रत्येक मराठी मूल सांगते. पण स्वतः शिवछत्रपतींच्या १६६३ सालच्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेले आहे. म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी. तानाजीच्या मृत्यूवर महाराजांनी काढलेले उद्गार म्हणून जे वाक्य आपल्या जिभेवर आहे, त्यातला सिंहही सभासदात नाही. एक गड मिळाला आणि दुसरा गड गेला, अशा आशयाचे शोकाचे शब्द त्याने महाराजांच्या तोंडी घातले आहेत. या शब्दांवर थोडे थांबावे. राज्य किल्ल्यांवर उभे असलेला राजा आपल्या माणसाला गडाची उपमा देतो. ज्याला तटबुरुजांची किंमत ठाऊक आहे त्याच्याच तोंडी ती शोभते. सिंह ही कवीची उपमा आहे. गड ही राजाची.

इथे कादंबरीकार म्हणून माझ्यावर कुणी उलटेल, तेव्हा आधीच सांगून टाकतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ने मला लहानपणी रडवले आहे. नाथमाधवांच्या स्वराज्याच्या कादंबऱ्यांनी माझ्या कित्येक रात्रींचे रॉकेल जाळले आहे. सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडून नाथमाधवांचा कमरेखालचा भाग लुळा झाला, आणि अंथरुणावर पडून या माणसाने मराठी मुलांना गडागडांवर दौडत नेले, हे कळल्यावर तर माझा त्यांच्याविषयीचा आदर शतगुणित झाला. कादंबरीकाराने कल्पना करावी, संवाद रचावेत, घोरपडीला नाव द्यावे. पण त्याच्या पुस्तकावर ‘कादंबरी’ असे छापलेले असते. वाचकाशी केलेला तो करार आहे. मुलांच्या इतिहासपुस्तकावर ‘इतिहास’ असे छापलेले असते आणि वाचणारा दहा वर्षांचा असतो. करार तपासण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते. म्हणूनच मुलांसाठी लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त आहे. मोठा वाचक फसला तर वर्तमानपत्रात पत्र लिहितो. मूल फसले तर बारा-तेरा वर्षांचे होताच एका दिवसात सगळ्यालाच हसू लागते. घोरपड खोटी, म्हणजे तानाजी खोटा, म्हणजे मास्तर खोटे! मी अशी मुले पाहिली आहेत. भक्तीतून थट्टेत उडी मारायला त्यांना वेळ लागत नाही, आणि तिथून त्यांना परत आणणे फार कठीण जाते. दुसरी काही मुले याच्या उलट वागतात. प्रश्न विचारणाराच त्यांना वैरी वाटू लागतो. ही दोन्ही पिके एकाच बियाण्याची.

चरित्र कसे असावे याचा एक जुना नमुना आपल्या घरातच आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत एम. डी. झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत, वारल्या. दोनच वर्षांनी काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. काशीबाई स्वतः लग्नानंतर चोरूनमारून वाचायला शिकलेल्या. त्यांनी चरित्राला आनंदीबाईंच्या पत्रांची जोड दिली. मुलींसमोर ही पत्रे वाचून दाखवावीत. चरित्रकाराने कितीही सुंदर वर्णन केले तरी जे साधत नाही ते साधते. परदेशी थंडीत, परक्या अन्नावर दिवस काढणारी मुलगी आपल्या आवाजात बोलू लागते. ती नुसती ‘पहिली महिला डॉक्टर’ उरत नाही. थकते, रागावते, नवऱ्याच्या कठोर शब्दांनी दुखावते, आणि तरी अभ्यासाला बसते. पुतळ्याला थंडी वाजत नाही; म्हणून पुतळ्यापासून मुलांना धीर मिळत नाही.

साने गुरुजींना हे उमजले होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ दैनिक काढत. पुढे गोखले, देशबंधू दास, विद्यासागर, राजवाडे अशांची चरित्रे त्यांनी लिहिली. त्यांचे हृदय कधीकधी लेखणीच्या पुढे धावते, हे खरे. परंतु थोर माणूस मुलांच्या पंगतीला आणून बसवण्याची त्यांची हातोटी कुणाला नाकारता येणार नाही.

मग आज मुलांसाठी इतिहास लिहू पाहणाऱ्याकडे माझे मागणे काय? पहिले हे की, प्रत्येक मोठ्या प्रसंगाखाली ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली, तो तिथे होता की मागाहून ऐकून लिहिले, हे दोन ओळींत सांगावे. त्याला तळटीप म्हणू नये, गोष्टीचाच भाग करावे. मुलांना ती गोष्टीइतकीच आवडते. दुसरे, दोन साक्षी जुळत नसतील तर दोन्ही द्याव्यात. तिसरे, थोर माणसाची थंडी, भीती आणि पराभव खरवडून काढू नयेत. आणि चौथे, नाव नसलेल्या माणसांना पुस्तकात जागा द्यावी: माळ लावणारे, पखाली वाहणारे, मोडी कागद नकलणारे, दाणावैरण पुरवणारे. वर्गातली बहुतेक मुले त्यांच्याच घरची असतात. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवछत्रपतींवर पोवाडा रचला तेव्हा तो कुणब्यामाळ्यांच्या, महारामांगांच्या उपयोगी पडावा, त्यांना समजेल अशा शब्दांत असावा, हा हेतू त्यांनी प्रस्तावनेत नोंदवला होता. इतिहास कुणासाठी लिहायचा, हे ठरवून लिहिणाऱ्यांत ते अग्रेसर होते.

हे सारे करायला पुष्कळ पाने लागत नाहीत, गुळगुळीत कागद लागत नाही. ओकांच्या मासिकाला यांतले काही नव्हते. लागते ते एवढेच की, लिहिणाऱ्याने आपल्या समोर दहा वर्षांचे एक मूल बसले आहे असे समजावे, आणि त्याला कधीतरी बांधावरची खरी घोरपड दिसणार आहे हे ध्यानात ठेवावे. त्या दिवशी त्याने आपले पुस्तक फेकून न देता पुन्हा उघडावे, अशा बेताने लिहावे.